पहिले युकुलेले कमी खर्चात निवडताना: तपासणीचा योग्य क्रम

कमी किमतीचे पहिले युकुलेले (गिटारसारखे चार तारांचे लहान वाद्य) घेणाऱ्यांची फसगत बहुधा एकाच ठिकाणी होते. रंग, लाकडाचे नाव आणि सोबत मिळणाऱ्या वस्तू पाहून वाद्य निवडले जाते. ते मानेच्या पहिल्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे मानेवरील आडव्या पट्ट्या) बाराव्या फ्रेटपर्यंत सुरात बोलते की नाही, हे मात्र कोणी पाहत नाही. शिकणाऱ्याचा कान अजून तयार झालेला नसतो. कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) बेसूर वाजली की दोष आपल्याच बोटांचा आहे असे त्याला वाटते, तो अधिक जोरात दाबू लागतो, त्यामुळे सूर आणखी चढतो आणि काही दिवसांत वाद्य कोपऱ्यात जाऊन बसते. स्वस्त वाद्याचा नाद थोडा साधा असला तरी शिकण्यात काही अडत नाही. सूर चुकीचा लागत असेल तर मात्र सगळेच अडते, म्हणून खालील टप्प्यांत सर्वाधिक भर सुराच्या तपासणीवर दिला आहे.

## १. खरेदीपूर्वीची तयारी

दुकानात जाण्यापूर्वी किंवा विक्रेत्याशी बोलण्यापूर्वी तीन गोष्टी ठरलेल्या असाव्यात: वाद्य कोण वाजवणार आहे, ते मुख्यतः गाण्याच्या साथीला हवे आहे की एकेक सूर काढून चाली वाजवायला, आणि एकूण खर्च किती करायचा आहे. एकूण खर्च म्हणजे केवळ वाद्याची किंमत नव्हे. ट्यूनर (सूर मोजणारे साधन), तारांचा एक जादा संच, जाड अस्तराची पिशवी आणि गरज पडल्यास कारागिराकडून करून घ्यायची किरकोळ दुरुस्ती हे सर्व त्यातच धरावे. ठरवलेल्या रकमेचा साधारण पाचवा भाग या गोष्टींसाठी आधीच बाजूला काढून उरलेल्या रकमेत वाद्य शोधावे, असे मी आग्रहाने सांगेन. सगळी रक्कम वाद्यावर खर्च केली की दुरुस्तीसाठी हातात काही उरत नाही, आणि कमी किमतीच्या वाद्याला दुरुस्तीची गरज सर्वात जास्त असते.

मोबाइलवर सेंट दाखवणारा ट्यूनर आधीच घेऊन ठेवावा. सेंट म्हणजे एका अर्धस्वराचा शंभरावा भाग. गजबजलेल्या जागी मोबाइलचा माइक गोंधळतो; तेथे वाद्याच्या डोक्याला चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर अधिक विश्वासार्ह ठरतो, कारण तो आवाज न ऐकता लाकडातील कंपने टिपतो. याखेरीज मिलिमीटरच्या खुणा असलेली लहान पट्टी आणि साध्या कागदाचा एक तुकडा खिशात असावा. या तीन वस्तूंवर पुढची जवळपास सर्व तपासणी होते.

पडताळणी: चार तारांची नावे पाठ आहेत का? वाजवण्याच्या स्थितीत वाद्य धरले असता छताकडची तार जी, त्यानंतर सी, मग ई आणि जमिनीकडची ए. हा क्रम चुकला तर पुढची प्रत्येक चाचणी चुकते.

## २. आकार आधी ठरवावा

मुख्य आकार चार आहेत. सोप्रानोची एकूण लांबी सुमारे ५३ सेंटिमीटर, कॉन्सर्टची सुमारे ५८ ते ६०, टेनरची सुमारे ६६ आणि बॅरिटोनची सुमारे ७६ सेंटिमीटर असते. निवड करताना मात्र एकूण लांबीपेक्षा तारेचा कंप पावणारा भाग महत्त्वाचा. तो सोप्रानोवर साधारण ३४ ते ३५ सेंटिमीटर, कॉन्सर्टवर ३८ आणि टेनरवर ४३ सेंटिमीटर असतो. या फरकामुळे पहिल्या फ्रेटचे घर सोप्रानोवर सुमारे १९ मिलिमीटर, कॉन्सर्टवर सुमारे २१ आणि टेनरवर सुमारे २४ मिलिमीटर रुंद होते. आकडे जवळजवळचे वाटले तरी जाड बोटांच्या माणसाला हे दोन-तीन मिलिमीटर लगेच जाणवतात.

आखूड तारेची आणखी एक अडचण आहे, आणि ती विक्रेते क्वचितच सांगतात. फ्रेट बसवताना किंवा ब्रिज (पुढच्या फळीवरील तारांचा आधार) चिकटवताना कारखान्यात झालेली एक मिलिमीटरची चूक लांब तारेवर जेवढी ऐकू येते, त्यापेक्षा आखूड तारेवर अधिक ऐकू येते. त्यामुळे अगदी स्वस्त सोप्रानो सुरात मिळणे हे स्वस्त कॉन्सर्ट सुरात मिळण्यापेक्षा अवघड असते. प्रौढ शिकणाऱ्याने खर्चात बसत असेल तर कॉन्सर्ट घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. लहान मुलांसाठी किंवा सतत प्रवासात वाद्य न्यायचे असेल तर सोप्रानो योग्य. टेनर बोटांना मोकळे पडते, पण त्याच दर्जाचे टेनर बहुतेकदा महाग असते आणि त्याच्या तारांचा ताणही थोडा जास्त जाणवतो.

सावधगिरी: बॅरिटोनच्या तारा डी, जी, बी, ई अशा, म्हणजे गिटारच्या जमिनीकडच्या चार तारांप्रमाणे लावतात. युकुलेलेसाठी छापलेल्या बहुतेक कॉर्डच्या आकृत्या जी, सी, ई, ए या जुळणीच्या असल्यामुळे बॅरिटोनवर त्याच आकृत्या धरल्या तर वेगळ्याच कॉर्ड वाजतात. मोठे वाद्य सोपे असेल या समजुतीने नवशिक्याने बॅरिटोन घेऊ नये. गिटालेले या सहा तारांच्या लहान गिटारवरही चार तारांच्या आकृत्या जशाच्या तशा चालत नाहीत, म्हणून तेही टाळावे.

## ३. बांधणी: कोठे खर्च करावा, कोठे करू नये

कमी किमतीत लाकडाच्या नावाला भुलू नये. वर्णनात महोगनी, कोआ किंवा अकेशिया असे लिहिलेले असते, पण ‘सॉलिड’ हा शब्द नसेल तर वाद्य थरांच्या लाकडाचे, म्हणजे लॅमिनेटचे आहे असे समजावे. वर केवळ त्या लाकडाचा पातळ पापुद्रा असतो. यात फसवणूक नाही आणि नवशिक्याचे नुकसानही नाही. उलट लॅमिनेट दमट आणि कोरड्या हवेतील बदल चांगले सोसते. अखंड लाकडाच्या वाद्याला हवेतील आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्के लागते आणि ती सांभाळली नाही तर फळीला तडा जाऊ शकतो. खर्च मर्यादित असताना अखंड फळीचा आग्रह धरला, तर निर्माता तो खर्च नट (डोक्याजवळची खाचांची पट्टी), फ्रेट आणि खुंट्यांवर वाचवण्याची शक्यता असते, आणि वाजवणाऱ्याचा रोजचा संबंध नेमका त्यांच्याशीच येतो.

लाकूड अखंड आहे की थरांचे, हे ओळखण्यासाठी पुढच्या फळीवरील गोल भोकाची कड पाहावी. वरच्या रेषा कडेतून तशाच खाली उतरत असतील तर लाकूड अखंड; कडेला वेगवेगळे थर दिसत असतील तर लॅमिनेट. कड रंगवलेली असेल तर विक्रेत्याला सरळ विचारावे. पूर्ण प्लॅस्टिकची चांगली वाद्येही मिळतात आणि पाण्यापावसात ती निर्धास्त नेता येतात. मात्र ज्यांचे फ्रेट मानेसोबतच साच्यातून ओतलेले असतात, त्यांत फ्रेटची जागा चुकली असेल तर ती कोणालाही दुरुस्त करता येत नाही. अशा वाद्याची सुराची चाचणी दुप्पट काळजीने घ्यावी.

खुंट्यांबाबत तडजोड करू नये. गिअरच्या खुंट्या फिरवताना तार सावकाश चढते आणि तेथेच थांबते. घर्षणावर चालणाऱ्या साध्या खुंट्या उत्तम दर्जाच्या असतील तर ठीक, पण स्वस्त वाद्यांवर त्या घसरतात आणि नवशिक्याचा निम्मा वेळ तारा लावण्यातच जातो. त्यांच्या टोकाचा स्क्रू आवळून पकड वाढवता येते, तरीही निवड करण्याची संधी असेल तर गिअरच्या खुंट्याच घ्याव्यात.

तारा नायलॉन, फ्लोरोकार्बन किंवा नायलगटच्या असाव्यात. कारखान्यातून अगदी निकृष्ट तारा लावून आलेले वाद्यही चांगला संच चढवल्यावर ओळखू येणार नाही इतके सुधारते. म्हणूनच वर जादा संचाचा खर्च धरायला सांगितले.

सावधगिरी: युकुलेलेवर गिटारच्या पोलादी तारा कधीही चढवू नयेत. त्यांचा ताण वाद्याच्या बांधणीला झेपत नाही. ब्रिज उखडतो किंवा मान वाकते. पोलादी तारा लावलेले कमी किमतीचे ‘युकुलेले’ विक्रीस दिसले तर ते खेळणे समजून पुढे जावे.

## ४. दुरून मागवताना

शक्य असेल तर वाद्य हातात घेऊनच घ्यावे. ते शक्य नसेल तर मागवण्यापूर्वी विक्रेत्याकडून लेखी उत्तरे घ्यावीत: तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी किती, खुंट्या गिअरच्या आहेत का, तारा कोणत्या, पाठवण्यापूर्वी नट आणि ब्रिजची उंची कोणी तपासते का, आणि परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे. केवळ कंपनीचे नाव पाहून समाधान मानू नये. एकच कंपनी वेगवेगळ्या दर्जाच्या मालिका बनवते (काला या कंपनीची माकाला ही कमी किमतीची मालिका हे त्याचे परिचित उदाहरण), म्हणून मॉडेलचा पूर्ण क्रमांक टिपून घ्यावा आणि पोहोचलेल्या वाद्यावर तोच आहे हे पाहावे.

पिशवी, पट्टा, ट्यूनर, पुस्तक, प्लेक्ट्रम असे सगळे एकत्र देणारा संच मोहक वाटतो. त्याच किमतीत फक्त वाद्य घेतले तर ते कोणत्या दर्जाचे मिळते, याची तुलना केल्याशिवाय असा संच मागवू नये.

## ५. हातात घेतल्यावर: आधी नजर, नंतर सूर

बहुतेक जण वाद्य हातात येताच तारा छेडतात. तसे करू नये. आधी शांतपणे पाहणी करावी, मग तारा लावाव्यात आणि त्यानंतरच चाचण्या घ्याव्यात. सुरात न लावलेल्या वाद्यावर केलेली कोणतीही चाचणी निरर्थक असते.

पाहणीत प्रथम डोक्याकडून मानेवरून ब्रिजच्या दिशेने नजर टाकावी. मान पिळलेली किंवा कमानीसारखी वाकलेली असेल तर येथेच थांबावे. कमी किमतीच्या वाद्यात हा दोष दुरुस्त करणे परवडत नाही. त्यानंतर ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा तुकडा सरकवून पाहावा. तो आत शिरला तर ब्रिज सुटू लागला आहे. मानेच्या दोन्ही कडांवरून तळहात फिरवावा. फ्रेटची टोके टोचत असतील तर ती घासून घेता येतात, पण निर्मात्याने काम किती निष्काळजीपणे केले याची ती पहिली खूण असते. शेवटी वाद्य हलकेच हलवावे आणि बोटाने ठोकावे. आत काही खुळखुळत असेल तर सुटलेला आधार किंवा सैल स्क्रू शोधावा.

आता तारा लावाव्यात: जी ३९२ हर्ट्झ, सी सुमारे २६२, ई सुमारे ३३० आणि ए ४४० हर्ट्झ. प्रत्येक तार थोडी खाली उतरवून खालून वर आणत सुरात थांबवावी, म्हणजे खुंटीतील ढिलाई निघून जाते. सूर ओलांडला तर पुन्हा खाली येऊन वर चढावे.

सावधगिरी: नेहमीच्या जुळणीत जी ही तार सी आणि ई यांच्यापेक्षा वरच्या सुरात असते. गिटारची सवय असलेले लोक छताकडची तार सर्वात खर्जातली असणार असे गृहीत धरून ती एक सप्तक खाली लावतात. ती सैल पडते आणि वाद्यच सदोष वाटू लागते. खर्जातल्या जीसाठी वेगळी, जाड तार मिळते.

## ६. सुराच्या दोन चाचण्या

पहिली चाचणी पहिल्या फ्रेटची. स्वस्त वाद्यांतील सर्वाधिक दोष येथेच सापडतात. डोक्याजवळ तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी म्हणजे नट. कारखान्यात वेळ वाचवण्यासाठी या खाचा पुरेशा खोल केल्या जात नाहीत. तारा उंच राहतात, पहिल्या फ्रेटवर दाबताना त्या जास्त ताणल्या जातात आणि सूर चढा लागतो. नवशिक्याच्या अगदी सुरुवातीच्या कॉर्डपैकी एफ आणि जी सेव्हन यांत ई तारेचा पहिला फ्रेट येतो, म्हणजे हा दोष पहिल्याच आठवड्यापासून कानावर आदळत राहतो.

प्रत्येक तार पहिल्या फ्रेटच्या धातूच्या पट्टीलगत, नटच्या बाजूने, स्वच्छ आवाज येण्यापुरतीच दाबावी. ट्यूनरवर अनुक्रमे जी शार्प, सी शार्प, एफ आणि ए शार्प दिसले पाहिजे. पाच सेंटपर्यंतचा फरक उत्तम, दहापर्यंतचा चालण्याजोगा. त्याहून चढा सूर असेल तर खाचा उंच आहेत. खात्रीसाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबून पहिल्या फ्रेटवर तारेखाली किती फट उरते ते पाहावे. कागदाच्या जाडीइतकी, कशीबशी दिसणारी फट योग्य. फट सहज दिसत असेल तर खाच उंच आहे. अजिबात नसेल तर खाच प्रमाणाबाहेर खोल झाली असण्याची शक्यता आहे आणि मोकळी तार झणझणू शकते.

दुसरी चाचणी बाराव्या फ्रेटची. हा फ्रेट तारेच्या मध्यावर असतो, म्हणून तेथे मोकळ्या तारेचाच सूर एक सप्तक वर लागला पाहिजे. उदाहरणार्थ ए तारेवर ८८० हर्ट्झ. येथेही दहा सेंटची मर्यादा धरावी. त्यानंतर मोजपट्टीने बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजावी. अडीच ते तीन मिलिमीटर उंची हाताला सुखाची असते. त्याहून बरीच जास्त असेल तर दाबायला त्रास होतो आणि सूरही चढतो.

या दोन चाचण्यांनंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवून कोठे झणझण येते का ते ऐकावे, आणि शेवटी सी, ए मायनर, एफ आणि जी सेव्हन या चार कॉर्ड ओळीने वाजवाव्यात. सी गोड आणि एफ कडवट लागत असेल तर पहिल्या फ्रेटकडे पुन्हा वळावे.

पडताळणी: सूर चढा आढळला तर तीच जागा हलक्या दाबाने पुन्हा तपासली का? घट्ट दाबल्याने किंवा तार बाजूला ओढल्यानेही सूर चढतो. शक्य असेल तर दुसऱ्या एखाद्या वाजवणाऱ्याकडून तीच नोंद घ्यावी.

## ७. दोष आढळल्यास निर्णय कसा घ्यावा

एकाच तारेचा सूर बिघडलेला असेल आणि उरलेल्या तीन ठीक असतील, तर बाराव्या फ्रेटच्या चाचणीत आधी तारेवरच संशय घ्यावा. तार सर्वत्र सारख्या जाडीची नसेल तर असे होते आणि नवी तार चढवल्यावर दोष जातो. चारही तारा एकाच दिशेने, जवळपास सारख्याच प्रमाणात चुकत असतील तर कारण बांधणीत आहे.

नटच्या उंच खाचा हा सर्वात सहज सुटणारा दोष होय. तंतुवाद्ये दुरुस्त करणारा कारागीर योग्य जाडीच्या कानशीने खाचा खोल करतो. काम थोड्या वेळाचे असते. बाराव्या फ्रेटवरील उंची कमी करायची असेल तर ब्रिजवर उभी असलेली लहान पट्टी काढून तिची खालची बाजू घासतात. बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर उंची कमी करण्यासाठी ती पट्टी दोन मिलिमीटर घासावी लागते, त्यामुळे तिची मूळ उंची पुरेशी आहे ना हे आधी पाहावे. क्रम मात्र पाळावा: आधी नट, नंतर ब्रिज. नट उंच असताना ब्रिज खाली घेतला आणि मग नट दुरुस्त केला, तर तारा प्रमाणाबाहेर खाली येऊन सगळीकडे झणझणू लागतात.

ब्रिजच चुकीच्या जागी चिकटवलेला असेल तर वाद्य परत करावे. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचे अंतर आणि बाराव्या फ्रेटपासून ब्रिजवरील पट्टीपर्यंतचे अंतर मोजपट्टीने मोजावे. दुसरे अंतर पहिल्याइतके किंवा एक ते तीन मिलिमीटर जास्त असावे. दुसरे अंतर कमी भरत असेल तर कितीही घासले तरी सूर जुळणार नाही.

डाव्या हाताने वाजवणाऱ्यांना तारा उलट क्रमाने चढवून घेता येतात. जी आणि ए यांच्या जाडीत फार फरक नसतो, पण सी जाड आणि ई बारीक असल्यामुळे मधल्या दोन खाचा कारागिराकडून जुळवून घ्याव्या लागतात. सुराच्या चाचण्या त्यानंतर पुन्हा घ्याव्यात.

## ८. पहिले दोन आठवडे

नव्या तारा ताणल्या जाईपर्यंत सूर धरत नाहीत. एक-दोन आठवडे वाद्य वारंवार उतरते आणि अनेक जण यालाच दोष समजून ते परत पाठवतात. प्रत्येक तार मध्यभागी बोटात धरून हलकेच वर उचलावी, पुन्हा सुरात लावावी, आणि असे काही वेळा करावे. त्याने हा काळ बराच कमी होतो. तारा बदलायच्या असतील तर एका वेळी एकच काढून बदलावी. बंद मोटारीत किंवा उन्हात वाद्य ठेवू नये, कारण उष्णतेने सरस मऊ पडून ब्रिज सुटतो.

परत करण्याची मुदत संपण्याच्या दोन-तीन दिवस आधी, तारा स्थिरावल्यावर, पहिल्या आणि बाराव्या फ्रेटच्या चाचण्या पुन्हा एकदा घ्याव्यात आणि आकडे लिहून ठेवावेत. खरेदीच्या दिवशी नव्या तारांमुळे अस्थिर वाटलेले आकडे आता खरे काय ते दाखवतात. पहिल्या फ्रेटवर सूर अजूनही दहा सेंटपेक्षा जास्त चढत असेल आणि जवळपास कारागीर नसेल, तर त्या लेखी आकड्यांसह वाद्य मुदतीच्या आत परत पाठवावे.